नर्स सोडून का जातात आणि कशाने थांबतात

"सिस्टर टिकतच नाहीत हो." महाराष्ट्रातल्या कुठल्याही शंभर बेडच्या प्रायव्हेट हॉस्पिटलात जा, मालक डॉक्टरांच्या केबिनमध्ये हे ऐकायला मिळणारच. पुढचं वाक्यही ठरलेलं, आजकालच्या पोरींना कमिटमेंट नाही. मी बरीच वर्षं वॉर्डला इनचार्ज होते, आता नर्सिंगचं रोस्टर आणि क्वालिटीचं काम बघते, आणि माझं म्हणणं असं आहे की कमिटमेंट शोधण्याआधी एकदा ड्युटी लिस्ट काढून बघा, बरीचशी उत्तरं तिथेच लिहिलेली असतात. (पोरी म्हणतेय पण ब्रदर्सही आलेच त्यात, त्यांचं रडगाणं काही वेगळं नाही.)

आधी हिशोब करून दाखवते, कारण हा हिशोब बऱ्याच मॅनेजमेंटनी कागदावर कधी मांडलेलाच नसतो. ३० बेडचा जनरल वॉर्ड घ्या. एका नर्सकडे ६ पेशंट असावेत असं धरलं तर एका शिफ्टला ५ जणी, तीन शिफ्टच्या १५. झालं, १५ जणी भरल्या की काम भागलं असं वाटतं. पण माणूस आठवड्याला एक सुट्टी घेतो. आठवड्याच्या १०५ ड्युट्या, एकीच्या सहा, म्हणजे साडेसतरा जणी लागल्या, आणि अजून कुणी आजारी पडलेलं नाही, कुणी गणपतीला गावी गेलेलं नाही, कुणाची डिलिव्हरी नाही. हे सगळं धरलं की आकडा २० च्या आसपास जातो. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं ३० टक्के लिव्ह रिझर्व्ह, म्हणजे रजांसाठी जादा माणसं, धरायचं जुनं सूत्र आहे, ते लावलं तरी १५ चे साडेएकोणीस होतात, म्हणजे फिरून तिथेच आलो. आणि प्रत्यक्षात अशा वॉर्डच्या लिस्टवर नावं असतात १२.

१२ जणींच्या साप्ताहिक सुट्ट्या काढल्या की रोज १० हाताशी उरतात. सकाळी डॉक्टरांचे राउंड, डिस्चार्ज, ओटीला पेशंट पाठवणं असतं म्हणून ५ सकाळी, ३ दुपारी आणि रात्री २. म्हणजे रात्री एकीच्या वाट्याला १५ पेशंट. आता ती रात्र बघा. आठला ओव्हर घेतला, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती, दहाची औषधं, एका पेशंटला पाच मिनिटं म्हटलं तरी सव्वा तास. बीपी, पल्स, टेम्परेचर, सॅच्युरेशन, चार मिनिटं धरा, एक तास. साडेअकराला कॅज्युअल्टीतून नवीन ॲडमिशन वर आलं, त्याचं असेसमेंट, कन्सेंट, सलाइनची लाइन टाकणं, फार्मसीला औषधांचं इंडेंट, पाऊण तास गेला. सात नंबरच्या आजोबांनी तेवढ्यात सलाइन ओढून काढलं, बेडशीटवर रक्त, सोबतचा मुलगा झोपलेला, मावशी दुसऱ्या मजल्यावर. ग्लुकोमीटर एकच आहे आणि तो शेजारच्या वॉर्डाने नेलाय. पहाटे पाचपासून ब्लड कलेक्शन, सहाच्या अँटिबायोटिक, इनटेक-आउटपुटची बेरीज. आणि सकाळी आठला ओव्हर देताना तिला विचारतात काय, तर फॉल रिस्कचा, म्हणजे पेशंट पडण्याच्या धोक्याचा, स्कोर का भरला नाही. ती काहीच बोलत नाही, स्कोर भरते, नऊ वाजता घरी जाते, आणि बसमध्ये मोबाइलवर नोकरीच्या जाहिराती बघते.

ती गेली की १२ च्या ११ होतात, भरती होईपर्यंत तिच्या ड्युट्या उरलेल्यांवर पडतात, डबल ड्युटी सुरू होते, मग अजून एक जाते. नवीन आलेल्या दोघींना शिकवायला वॉर्डात जुनं कुणी उरलेलंच नसतं म्हणून त्या दोघीही दोन महिन्यांत जातात. म्हणजे नर्स सोडून गेल्यामुळे नर्स सोडून जातात. या चक्रात सापडलेला वॉर्ड लांबून ओळखता येतो, तिथे कुणालाच स्पिरिट कुठे ठेवलंय ते माहीत नसतं.

बाहेर यावर भरपूर अभ्यास झालाय. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ हॉस्पिटलांचा लिंडा एकन आणि त्यांच्या टीमचा अभ्यास २००२ मध्ये छापून आला, त्यात दिसलं की एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली, नर्स बर्नआउट होण्याची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, २३ टक्क्यांनी आणि नोकरीवर नाराज असण्याची १५ टक्क्यांनी. एकाच पेशंटमागे हं. कॅलिफोर्नियाने तर १९९९ मध्ये कायदा करून २००४ पासून नर्सला किती पेशंट द्यायचे यावर मर्यादाच घातली, आयसीयूत २, सर्जिकल-मेडिकल वॉर्डात पुढे ५. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडने २०१६ मध्ये काही सरकारी हॉस्पिटलांत असंच केलं, आणि २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा हिशोब आला तेव्हा मृत्यू कमी, परत ॲडमिट होणं कमी, आणि जास्तीच्या नर्सवर जेवढा खर्च झाला त्याच्या दुपटीच्या आसपास पैसे वाचले. आपल्याकडे कौन्सिलचे नॉर्म्स आहेत, ॲक्रेडिटेशनच्या, म्हणजे दर्जाच्या तपासणीच्या, वेळी फाइलमध्ये दिसतातही, पण रात्री दोन वाजता वॉर्डात येऊन डोकी मोजणारं कोण?

बरं, आता पगार. "पैशाने माणूस टिकत नाही, वातावरण लागतं" असं व्याख्यान देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, कारण ते व्याख्यान बहुतेक वेळा पगार न वाढवायचं ठरल्यावर होतं. सुप्रीम कोर्टात ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या केसमध्ये जानेवारी २०१६ ला आदेश झाला, केंद्राने समिती नेमली आणि समितीने सांगितलं की २०० च्या वर बेड असतील तर त्या ग्रेडच्या सरकारी नर्सएवढा पगार द्या, १०० ते २०० बेडला फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० ला फार तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या खाली असाल तरी महिन्याला २०,००० च्या खाली नाही. केंद्राने ते राज्यांकडे पाठवलं. केरळात नर्सच्या युनियनने आंदोलनं करून करून शेवटी एप्रिल २०१८ मध्ये प्रायव्हेटसाठी २०,००० किमान पगाराची अधिसूचना काढायला लावली. आपल्याकडच्या तालुक्याच्या हॉस्पिटलात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या मुलीला आज काय देतात ते तुमच्या ओळखीतल्या एखाद्या सिस्टरला विचारा, मी इथे लिहीत नाही.

आणि दुसऱ्या बाजूला काय आहे? एम्सची नॉरसेट परीक्षा, पास झाली तर नर्सिंग ऑफिसर, नुसतं बेसिक ४४,९०० पासून सुरू. आखाती देश आहेत. जर्मनी आहे, महाराष्ट्र सरकारनेच फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केलाय आणि त्यात नर्स आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२३ मध्ये जगात ५८ लाख नर्स कमी होत्या, त्यामुळे ही ओढ लवकर थांबणारी नाही. म्हणून मालकांना मी आधीच सांगते की काही मुली जाणारच, त्यांचं ठरलेलंच असतं की दोन वर्षांचा अनुभव घेऊन परीक्षा द्यायची, त्यांना आनंदाने जाऊ द्या, चांगलं एक्सपिरियन्स सर्टिफिकेट वेळेवर द्या, त्या लहान बहिणीला तुमच्याकडेच पाठवतील. आपल्याला अडवायच्यात त्या वेगळ्या. ज्या जर्मनीला चाललेल्या नाहीत, ज्या दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या हॉस्पिटलात हजार-दीड हजार रुपयांसाठी जातायत, किंवा ज्या नर्सिंगच सोडून घरी बसतायत. दीड हजारासाठी कुणी ओळखीचा वॉर्ड सोडत नाही हो, तिला आधीच जायचं होतं, दीड हजार हे सांगायला सोपं कारण झालं.

मग बॉन्ड. ओरिजिनल सर्टिफिकेट कपाटात ठेवून घ्यायची, आधी सोडलं तर अमुक पैसे भरा. एका ठिकाणी मी स्वतः हे बघितलंय, नाव कशाला, मुलीला सरकारी नोकरीच्या डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनला ओरिजिनल हवी होती आणि चार दिवस तिला एचआर, अकाउंट, ट्रस्टी असं फिरवलं. मिळाली शेवटी. पण त्या आठवड्यात बाकीच्या सगळ्यांनी ते बघितलं ना, आणि बॉन्ड संपायच्या तारखा प्रत्येकीने मोबाइलमध्ये टाकून ठेवल्या. बॉन्डने खुर्ची भरते एवढंच. तिथे बसलेली मुलगी पेशंटचा चेहरा बघून "सर, मला हे ठीक वाटत नाहीये, एकदा येऊन बघा" असा रात्री तीनला फोन करेल की नाही हे बॉन्डमध्ये लिहून घेता येत नाही, आणि हॉस्पिटलला खरं तर तेवढंच हवं असतं. मॅनेजमेंटवाले ज्याला एंगेजमेंट म्हणतात ते हेच. ती हसतमुख आहे का, डान्समध्ये भाग घेते का, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. ती बोलते का, आणि बोलली तर पुढे काही होतं का, एवढंच बघायचं.

आता बिनपैशाच्या किंवा कमी पैशाच्या गोष्टी, आणि यात सगळ्यात वर मी नाईट ऑफ ठेवीन. बाहेरच्या माणसाला हे कळत नाही म्हणून सांगते. सोमवारी रात्री आठला ड्युटीवर गेलेली नर्स मंगळवारी सकाळी आठ-नऊला सुटते. बऱ्याच ठिकाणी तो मंगळवार तिचा 'ऑफ' म्हणून लावतात आणि बुधवारी सकाळी साडेसातला मॉर्निंगला बोलावतात. कागदावर सुट्टी झाली, प्रत्यक्षात ती दिवसभर झोपली, संध्याकाळी उठून पोळ्या केल्या आणि परत आली. ही सुट्टी नाहीये, ही नुसती झोप आहे. नाईट संपल्याचा दिवस वेगळा आणि ऑफ त्याच्या दुसऱ्या दिवशी, एवढा एक नियम केला तरी फरक दिसतो. तसंच इव्हिनिंग करून रात्री नऊला सुटलेल्या मुलीला लगेच सकाळची ड्युटी लावू नये, जी मुलगी कळव्याहून दादरला येते तिचं घरी पोहोचेपर्यंत साडेदहा-अकरा होतात.

दुसरं म्हणजे लिस्ट कधी लागते. रविवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पुढच्या आठवड्याची लिस्ट येत असेल तर त्या बाईला मुलाचं गॅदरिंग, सासऱ्यांची डोळ्याची अपॉइंटमेंट, काहीच ठरवता येत नाही. महिन्याची लिस्ट आठ-दहा दिवस आधी लावा, रिक्वेस्टची वही ठेवा, आपापसात अदलाबदल करायची मुभा द्या आणि इनचार्जने फक्त सिनिअर-ज्युनिअरची जोडी नीट आहे ना एवढं बघावं. सुरुवातीला भांडणं होतात, खोटं नाही बोलत, दिवाळीच्या लिस्टला तर महाभारत होतं, पण गेल्या वर्षी दिवाळी कुणी केली हे वहीत लिहिलेलं असलं की मिटतं. याउलट जिथे इनचार्जच्या मर्जीतल्या तिघींना कधीच नाईट लागत नाही, तिथे कितीही पगार वाढवा.

इनचार्जचा विषय निघालाच आहे तर, नर्स हॉस्पिटल सोडते असं आपण म्हणतो पण बरेचदा ती वॉर्ड सोडत असते. एकाच हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर सहा वर्षं तीच टीम आणि चौथ्या मजल्यावर दर महिन्याला नवा चेहरा, पगार तोच, कॅन्टीन तेच. आपल्याकडे कामात हातखंडा असलेली नर्स सिनिऑरिटीने इनचार्ज होते, आणि माणसं सांभाळायचं काही शिकवलं जात नाही, उलट तिला स्टॉक, ऑडिट, कंप्लेंट आणि वर स्वतःचे पेशंटही देतात. तिला निदान पेशंट असाइन करू नका, आणि नातेवाईकांसमोर स्टाफला झापायचं नाही हे एक तिला आणि कन्सल्टंट डॉक्टरांना, दोघांनाही, सांगा. डॉक्टरांना जास्त.

नवीन मुलीचं पहिलं वर्ष हा सगळ्यात नाजूक काळ. कॉलेजात तिने मॅनिकिनवर, म्हणजे पुतळ्यावर, सगळं नीट शिकलेलं असतं, प्रोसिजरच्या पायऱ्या पाठ, आणि वॉर्डात आल्यावर एकाच वेळी तीन बेल वाजतात. याला नर्सिंगमध्ये रिॲलिटी शॉक म्हणतात, ७० च्या दशकापासून त्यावर लिहिलं गेलंय. उपाय साधा आहे पण कष्टाचा, तिला एक ठरलेली सिनिअर द्यायची, दोघींच्या शिफ्ट काही आठवडे एकत्र लावायच्या, सुरुवातीचे महिने एकटीला नाईट नाही. आणि त्या सिनिअरला शिकवण्याबद्दल काहीतरी द्या, पैसे द्या किंवा दोन पेशंट कमी द्या, नाहीतर तिच्या दृष्टीने ती मुलगी म्हणजे अजून एक काम.

वस्तूंचं बोलायचं तर, मगाशी तो ग्लुकोमीटर शेजारच्या वॉर्डात गेलेला ना, ते मी मुद्दाम लिहिलं. शिफ्टमधला किती वेळ बीपी मशीन, व्हीलचेअर, चालू स्थितीतलं सक्शन, चादरी शोधण्यात जातो हे एकदा कुणीतरी सोबत फिरून लिहून काढा. व्याख्यात्याला बोलावून मोटिव्हेशन देण्यापेक्षा त्या पैशात दोन ग्लुकोमीटर घ्या. १२ मे ला नर्सेस डेला केक कापतात, मेणबत्त्या लावतात, छान आहे, मलाही आवडतो, पण त्याच दिवशी "तुमच्या वॉर्डातलं कोणतं एक काम रोज अडतं" असं विचारून पुढच्या महिन्यात ते दुरुस्त झालेलं दिसलं तर त्याची चर्चा हॉस्टेलवर जास्त दिवस चालते. अमेरिकेत १९८३ मध्ये अशी पाहणी झाली होती, नर्सटंचाईच्या काळात १६३ हॉस्पिटलं तपासली आणि त्यातली ४१ अशी निघाली की जिथे नर्स येत होत्या आणि टिकत होत्या. त्यांना मॅग्नेट म्हणायला लागले. तिथे काय वेगळं होतं, तर नर्सिंगच्या निर्णयात नर्सला विचारत होते, वरची मॅडम भेटत होती, शिफ्टमध्ये लवचिकपणा होता, शिकायला मिळत होतं. जादू वगैरे काही नाही.

सुरक्षिततेबद्दल थोडं, कारण हे आपल्या मुंबईशी फार जवळून जोडलेलं आहे. केईएमच्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला हॉस्पिटलच्याच आवारात, तिथल्याच एका कर्मचाऱ्याने अत्याचार केला, त्या ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेल्या होत्या. त्यानंतर त्या अंथरुणालाच खिळल्या, आणि १८ मे २०१५ ला त्यांचा मृत्यू होईपर्यंत केईएमच्या नर्सनी, पिढ्या बदलल्या तरी, त्यांना सांभाळलं. कपडे बदलायची जागा हा अजूनही कितीतरी हॉस्पिटलांत प्रश्न आहे, लिनन रूममध्ये आडोसा करून बदलतात. नातेवाईकांच्या मारहाणीविरुद्ध राज्यात २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड, आणि तो नर्सनाही लागू आहे. प्रश्न येतो तो घटनेच्या दुसऱ्या दिवशी. हॉस्पिटल स्वतः पोलिसांत जातं की "जाऊ दे सिस्टर, मोठी पार्टी आहे, सॉरी म्हणून टाक" असं सांगतं, हे सगळा स्टाफ डोळे लावून बघत असतो, आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत आलेल्या राजीनाम्यांवर 'वैयक्तिक कारण' लिहिलेलं असतं.

सरकारी हॉस्पिटलांचं गणित थोडं वेगळं. तिथे पगार आहे म्हणून सोडून फारशा जात नाहीत, पण रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, आणि भरल्या तर कंत्राटी. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या त्यात बाह्यस्रोतामार्फत भरतीला विरोध हाच मोठा मुद्दा होता. शेजारी शेजारी उभ्या राहून तेच काम करणाऱ्या दोघींपैकी एकीला पेन्शन आणि दुसरीला अकरा महिन्यांची ऑर्डर, यातून टीम कशी व्हावी?

शेवटी राहिल्या त्या लग्न किंवा बाळंतपणानंतर घरी बसलेल्या. मला वाटतं आपल्याकडे सगळ्यात जास्त अनुभव इथे वाया जातो, पाच-सात वर्षं आयसीयू केलेली बाई, कॅनुला एका प्रयत्नात लावणारी, आणि ती घरी आहे कारण बाळाला ठेवायचं कुठे आणि नाईट कशी करायची. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मॅटर्निटीची रजा २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची परवानगीसुद्धा त्यात आहे. तुमच्या हॉस्पिटलात ते आहे का, आणि असेल तर दुपारच्या शिफ्टला संध्याकाळी सहानंतर उघडं असतं का? नसेल तर त्याचा उपयोग फक्त ऑफिस स्टाफला. आणि दुसरं, अशा बायकांसाठी चार-पाच तासांची ड्युटी काढा, सकाळी आठ ते बारा-एक, जेव्हा वॉर्डात सगळ्यात जास्त गर्दी असते, ड्रेसिंग, डिस्चार्ज, डॉक्टरांचे राउंड. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लॅप्स झालं असेल तर रिन्यू करायला मदत करा, आणि दोन आठवडे जुन्या सवयी परत बसायला द्या. एचआर म्हणेल आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धी ड्युटी बसत नाही. सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावा.